आधी माती, मग सैनिक: घरच्या घरी युद्धाचा डायोरामा कसा करायचा

डायोरामा, म्हणजे एखाद्या प्रसंगाचा जमिनीसकट छोट्या मापातला देखावा, करायचा म्हटलं की नवीन माणूस पहिलं काम काय करतो, तर ऑनलाइन जाऊन रणगाड्याचं नाहीतर सैनिकांचं किट मागवतो, ते जोडतो, रंगवतो आणि शेवटी एका फळीवर थोडी माती चिकटवून सगळं त्याच्यावर उभं करतो, आणि मग लांबून बघून म्हणतो काहीतरी राहिलंय राव, खेळण्यासारखं दिसतंय. राहिलेली असते ती जमीन. सैनिक कितीही भारी रंगवा, त्याचा बूट मातीत रुतलेला नसेल तर तो उभा नाही, ठेवलेला दिसतो. म्हणून ह्या लेखात मी उलट्या क्रमानं जाणार आहे, जमीन आधी आणि सैनिक नंतर, आणि जमिनीवरच जास्त बोलणार आहे.

तसं बघितलं तर सातारा-सांगलीकडच्या पोरांना ह्यातलं निम्मं काम आधीच येतं. दिवाळीत दगडविटांचा ढीग रचून त्यावर पोतं, पोत्यावर चिखल आणि वर आळीव पेरून किल्ला केलाय ना? मग उतार कसा धरायचा, माती कुठं घसरते, वाट कशी वळवायची हे हाताला माहिती आहे. फक्त किल्ल्यावर एक गोष्ट चालून जायची, महाराज बुरुजापेक्षा उंच आणि गवळण दरवाज्यात मावत नाही अशी, कुणी काही म्हणायचं नाही. इथं ते चालत नाही. डायोरामात सगळ्या वस्तू एकाच मापाच्या पाहिजेत, तिथूनच सुरुवात करू.

स्केल

१/३५ म्हणजे खऱ्या वस्तूचा पस्तिसावा भाग. १७० सेंटिमीटरचा माणूस साधारण ४९ मिलिमीटरचा होतो. १/७२ ला तोच माणूस २४ मिलिमीटरच्या आसपास येतो, स्वस्त पडतो, जागा कमी खातो, पण चेहरा रंगवताना डोळ्यांचं वाटोळं होतं. नवीन माणसानं सरळ १/३५ घ्यावं, सैनिक, हत्यारं, खोकी, डबे सगळ्यात जास्त ह्याच मापात मिळतात. हा ३५ आकडा विचित्र वाटतो ना, त्याची गंमत अशी की तामिया ह्या जपानी कंपनीनं साठच्या दशकात पँथर रणगाड्याचं मोटर लावलेलं मॉडेल काढलं, त्यात बॅटऱ्या बसायला पाहिजेत म्हणून जो आकार ठरला तो मोजला तर १/३५ च्या आसपास भरला आणि पुढं तेच माप रूढ झालं.

आता एक काम करा, जाड कार्डशीटची पट्टी कापा आणि तिच्यावर दर २८.५ मिलिमीटरला एक रेघ मारा. एक घर म्हणजे खरा एक मीटर. ही पट्टी कायम टेबलावर ठेवायची आणि प्रत्येक वस्तू तिला लावून बघायची. आइस्क्रीमची काडी सगळे फळी म्हणून वापरतात, ती जवळपास २ मिलिमीटर जाड असते, म्हणजे खऱ्यात ७ सेंटिमीटर जाडीची फळी झाली, एवढी जाड फळी खंदकाच्या भिंतीला कोण लावतंय? ती काडी खांब म्हणून चालेल, फळीसाठी पातळ व्हेनिअर, म्हणजे लाकडाचा पापुद्रा, घ्या, सुताराकडं किंवा प्लायवुडच्या दुकानात तुकडे असेच पडलेले असतात. इटलीतली वीट २५ बाय १२ बाय ५.५ सेंटिमीटरची, म्हणजे आपल्याकडं ७ बाय साडेतीन बाय दीड मिलिमीटर. २ मीटरचा दरवाजा ५७ मिलिमीटर. हे एकदा अंगवळणी पडलं की अर्धी लढाई झाली.

प्रसंग एकच, आणि तो नेमका

नवीन लोकांचं दुसरं असतं की एकाच फळीवर अख्खं महायुद्ध पाहिजे, एक रणगाडा, एक जीप, पडकं घर, बारा सैनिक, वर विमान. नको. एक क्षण निवडा, तीन माणसं पुरे.

आता कुठला क्षण घ्यायचा, तर लोक जर्मन आणि अमेरिकन सोडून दुसरीकडं बघतच नाहीत, किटं त्यांची मिळतात म्हणून. आपल्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, पहिल्या महायुद्धापासून पिढ्यानपिढ्या तिथली माणसं फौजेत आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी एरिट्रियात केरेनला लढल्या, इटलीत लढल्या. एवढं असताना नॉर्मंडीच कशाला करायचं? मी ह्या लेखात उदाहरण म्हणून इटलीतला प्रसंग घेतोय, म्हणजे प्रत्येक पायरी कशासाठी ते कळेल.

९ एप्रिल १९४५, उत्तर इटलीतली सेनिओ नदी. नदीच्या दोन्ही काठांना उंच पूरबांध आणि त्या बांधांमध्येच जर्मनांनी मशीनगनची ठाणी खोदलेली. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. पुढची तुकडी कापली गेली तेव्हा त्यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातनं, उभ्या चढावरनं आणि सुरुंगांच्या पट्ट्यातनं सुरक्षित आणलं, मग एकटेच मशीनगनच्या ठाण्यांवर गेले, हाताला जखम होऊन टॉमी गन चालवता येईना तेव्हा ती टाकून ग्रेनेड घेतले आणि आणखी ठाणी उडवली, मध्ये ग्रेनेड संपले म्हणून सरपटत बांधाच्या माथ्यावर येऊन आडोशाच्या उतारावरच्या साथीदारांकडनं पुन्हा ग्रेनेड घेतले, आणि शेवटी तोफमाऱ्यात बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत बाकीच्यांना पुढं बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ह्यातला कुठला क्षण? दहातले नऊ जण बांधावर उभं राहून घोषणा देतानाचा घेतील. मी म्हणतो तो नका घेऊ, निदान पहिल्यांदा तरी नको. एकटी उभी फिगर म्हणजे पुतळा होतो. त्यापेक्षा ग्रेनेड घेतानाचा क्षण बघा, माथ्यावर पालथा पडलेला माणूस, खालून वर आलेला दुसऱ्याचा हात, तिसरा रायफल धरून पलीकडं लक्ष ठेवून. बघणाऱ्याची नजर आपोआप त्या दोन हातांच्या मधे जाते. वर फायदा असा की पाणी दाखवावं लागत नाही, फक्त बांधाचा माथा आणि दोन उतार.

आणि बघा, प्रसंग नीट वाचला की बारीक गोष्टी आपोआप सुटतात. ह्या क्षणी जाधवांच्या हातात बंदूक दाखवायची नाही, ती त्यांनी टाकून दिलेली आहे. एक हात जखमी आहे, म्हणजे ग्रेनेड दुसऱ्या हातानं घ्यायचा. हे कुठल्या किटच्या सूचनापत्रात नसतं.

गणवेशाचं तसंच. इटलीत आपले सैनिक ब्रिटिश पद्धतीच्या लोकरी बॅटलड्रेसमध्ये, कापडी वेबिंगचे पट्टे, डोक्याला चपट्या काठाचं मार्क टू हेल्मेट. केरेनचा प्रसंग, म्हणजे १९४१ चा मार्च, तिथं खडकाळ तापलेले डोंगर आणि सैनिक अर्ध्या चड्डीच्या सुती खाकी ड्रिल गणवेशात. ह्याचं त्याला लावून चालत नाही. जुने फोटो लंडनच्या इम्पिरिअल वॉर म्युझियमच्या संग्रहात ऑनलाइन भरपूर आहेत, इटलीतल्या हिंदी फौजेचे सुद्धा, ते मोठे करून बघा, पट्टा कुठून जातो, पाण्याची बाटली कुठल्या बाजूला, बूट किती मळलेत. आणि आपल्या भागात कुणाच्या घरी पणजोबांचा लढाईतला फोटो असेल तर विनंती करून बघायला मागा, लोक आनंदानं दाखवतात.

बेस आणि कच्ची मांडणी

फोटोफ्रेमवाल्याकडनं १८ बाय १५ सेंटिमीटरची जाड एमडीएफची फळी कापून घ्या, त्यालाच कडेनं पट्टी मारून द्यायला सांगा. खालून आणि कडेला वॉर्निश किंवा ऑइलपेंट मारायचाच, नाहीतर फळी ओल पिते आणि वाकते, आणि वाळवीचं तुम्हाला माहितीच आहे.

आता हिशोब बघा. समजा बांध ७ मीटर उंच धरला तर १/३५ मध्ये तो २० सेंटिमीटर होईल, म्हणजे फळीपेक्षा उंच टेकडी. म्हणून अख्खा बांध करायचाच नाही, वरचे दोन-अडीच मीटर घ्यायचे, ७ सेंटिमीटरच्या आसपास, आणि बाजू सरळ कापलेल्या ठेवायच्या, केक कापल्यासारख्या. बघणारा बाकीचा बांध मनात पूर्ण करतो.

माथ्याची रेघ फळीच्या कडेला समांतर नको, तिरकी घ्या, एका कोपऱ्याकडनं दुसऱ्याकडं. का ते शब्दात सांगणं अवघड आहे, दोन कागद कापून मांडून बघा, लगेच दिसेल. सैनिकांच्या जागी वर्तमानपत्राचे ४९ मिलिमीटरचे तुकडे दुमडून उभे-आडवे ठेवा, मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. गर्दी वाटली तर माणूस कमी करा, जागा वाढवू नका. तिघांपैकी कुणीही बरोब्बर मधोमध नको.

जमीन

आता मुख्य काम. गाभा थर्माकोलचा किंवा दाट पॅकिंग फोमचा. थर फेविकॉलनं एकमेकांवर चिकटवा, रात्रभर वजन ठेवून सुकू द्या, मग ब्लेडनं उतार कापा. एक लक्षात ठेवा, थर्माकोलवर प्लास्टिक सिमेंट (किट जोडायचा गोंद), थिनर किंवा स्प्रे पेंट थेट लागला की तो विरघळून त्याची खीर होते. आधी फेविकॉल आणि पाण्याचा जाड हात सगळीकडं मारून घ्या.

उतार कसा पाहिजे? त्यासाठी नदीवर जा. साताऱ्यात असाल तर माहुलीच्या संगमावर, सांगलीत असाल तर कृष्णाकाठी, पाणी उतरल्यावर. तिथं बसून नुसतं बघा, वरची माती फिकी आणि भेगाळलेली, खाली पाण्याजवळ गडद आणि गुळगुळीत, माणसं चढून गेलेल्या वाटेवर गवत गेलेलं आणि टाचेचे खळगे, बांधाच्या कडेला ढेकळं सुटून घरंगळलेली. मोठी ढेकळं जास्त लांब जातात. हे फोटो काढून ठेवा आणि तसंच करा. इटलीतला चिखल आणि आपला चिखल, घसरायची रीत एकच आहे.

रंग मात्र एक नाही. कास किंवा महाबळेश्वरकडची जांभ्याची लाल माती छान दिसते म्हणून ती आणून चिकटवली तर ते सह्याद्री झालं, पो नदीच्या खोऱ्यातली गाळाची जमीन करडी-तपकिरी असते. आणि सांगलीकडची काळी माती फार गडद पडते. म्हणून माती फक्त खडबडीतपणासाठी घ्यायची, रंग वरून द्यायचा.

लेपाची माझी रीत अशी: लाकडाच्या वखारीतला बारीक भुसा चाळून दोन वाट्या, चाळलेली माती एक वाटी, भिंतीची पुट्टी एक वाटी, फेविकॉल आणि पाणी बेतानं, थालिपीठाच्या पिठाएवढं सैल. त्यात तपकिरी ॲक्रिलिक किंवा पोस्टर कलर आधीच मिसळा, म्हणजे पुढं कुठं टवका उडाला तरी आतनं पांढरं दिसणार नाही. माती वापरायच्या आधी जुन्या लोखंडी कढईत चांगली भाजून घ्या, नाहीतर पावसाळ्यात तुमच्या इटलीत आपल्याकडचं तण उगवेल आणि किडे निघतील ते वेगळेच. जुनी कढई म्हणतोय मी, रोजची घेतली तर पुढचं तुमचं तुम्ही बघा.

लेप ३-४ मिलिमीटरच्या वर एका वेळी लावू नका, भेगा पडतात. ओला असतानाच पुढची कामं उरकायची: जुन्या टूथब्रशनं टोचून पोत आणायचा, खडे दाबायचे, बुटांचे ठसे उमटवायचे, आणि ज्या जागी सैनिक पालथा पडणार आहे तिथं फिगरला पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ती हलकेच दाबून उचलायची, कोपर, गुडघा, बुटाचं टोक, सगळ्याचे खळगे. ही एवढी एक गोष्ट केली तरी तुमचं काम वेगळं दिसेल. माथ्यावर तोफगोळ्याचा एखादा खड्डा घ्यायचा तर त्यातनं उडालेली माती एकाच दिशेला जास्त पडलेली दाखवा, आणि खड्ड्याच्या आतली माती वरच्यापेक्षा गडद, कारण ती आतली ओली माती आहे.

लेप सुकल्यावर सुटी माती आणि खडे टाका आणि चिकटवायला फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब घालून ड्रॉपरनं सोडा. साबणामुळं पाणी मातीवर गोळे होऊन पळत नाही, आत मुरतं.

रंगाला घरचे आणि बाजारातले देशी पदार्थ लय कामाचे आहेत. साताऱ्यात राजवाड्याकडं पूजेच्या साहित्याच्या दुकानात गेरू मिळतो, तो म्हणजे आयर्न ऑक्साइडच, गंज दाखवायला ह्याच्यापेक्षा चांगलं काही नाही आणि तो उडत नाही. साधी पांढरी रांगोळी म्हणजे दगडाची पूड, थोडा तपकिरी रंग लावून वाळवली की धूळ तयार. पण सांगलीची म्हणून हळद वापरायचा मोह होईल, पिवळसर धुळीला रंग अगदी बरोबर वाटतो, ती वापरू नका, उजेडात हळदीचा रंग उडतो. गुलालाचंही तेच, शिवाय तो ओल आली की पसरतो.

शेवटी ड्रायब्रश: फिका मातकट रंग ब्रशला घेऊन कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि मग जमिनीवरनं हलका फिरवायचा, उंचवटे उजळतात. फक्त वरच्या सुक्या भागाला, खालच्या ओल्या भागाला नाही.

गवत, लाकूड, तार

एप्रिल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजिंक्यताऱ्याचा पिवळा पडलेला उतार येतो. तिकडं एप्रिल म्हणजे वसंत, कोवळं हिरवं गवत. पण ह्या बांधांवर हल्ल्याच्या आधी बाँब आणि तोफांचा मारा झालेला, म्हणजे हिरवं ठिगळांत, मधे उकरलेली उघडी माती. उंच गवताला नारळाचा काथ्या, हिरव्या रंगात बुडवून वाळवलेला, चिमटीनं छोटे झुपके करून फेविकॉलमध्ये टोक बुडवून लावायचे. एकसारखे नाही, गवत वाढतं ते झुबक्यांनी. पाचोळ्याला वापरलेली चहा पावडर, पण ती दोन-तीनदा धुऊन कडक उन्हात वाळवलेली पाहिजे, दूध-साखर राहिली तर बुरशी आणि मुंग्या ठरलेल्या. झाडाच्या मोडक्या बुंध्याला किंवा झुडपाला वाळलेल्या तुळशीचे देठ आणि मुळं चांगली.

काटेरी तारेसाठी मोटार रिवायंडिंगवाल्याकडं जा, शेतातल्या पंपाच्या मोटारी तो रोज उघडतो, अगदी बारीक तांब्याची तार त्याच्याकडं भंगारात पडलेली असते. दोन तारा एकत्र पिळायच्या आणि ठरावीक अंतरावर छोटे तुकडे गुंडाळून टोकं कापायची. कंटाळवाणं काम आहे, चार इंच पुरते.

आणि एक छोटी गोष्ट जी ह्या प्रसंगाला फार शोभेल, पांढरी टेप. सुरुंग काढून मोकळी केलेली वाट ब्रिटिश फौज पांढऱ्या कापडी पट्टीनं दाखवायची. आडोशाच्या उतारावर कागदाची १ मिलिमीटरची पांढरी पट्टी, फेविकॉलच्या पाण्यात भिजवून, मातीच्या चढउतारावर पसरवलेली, मधेच चिखलात गाडलेली. सुरुंगांचा पट्टा न दाखवता दाखवला.

सैनिक

मराठा पलटणीचा तयार सेट शोधत बसण्यापेक्षा ब्रिटिश पायदळाचा १/३५ सेट घ्या, गणवेश तोच आहे. फक्त बघून घ्या, नॉर्मंडीच्या सेटमध्ये बऱ्याचदा स्टेनगन देतात, आपल्याला ली-एनफिल्ड रायफल आणि ब्रेनगन पुरे.

भाग चौकटीतनं तोडू नका, निपरनं किंवा कटरनं कापा. अंगावर साच्याची बारीक रेघ असते, ती ब्लेड आडवं धरून खरवडून काढा, नाहीतर रंगानंतर ती आणखी उठून दिसते. प्लास्टिकच्या फिगरला प्लास्टिक सिमेंट, रेझिनच्या फिगरला फेविक्विक, सिमेंट रेझिनला धरतच नाही. रेझिनचे भाग आधी भांड्याच्या साबणानं धुवा, साच्याचं तेल असतं, आणि घासताना ओलं घासा आणि मास्क लावा, ती धूळ छातीला वाईट.

सेटमध्ये पालथा पडून हात पुढं केलेला माणूस मिळेलच असं नाही. सरपटणाऱ्या फिगरचा हात खांद्यातनं कापून, कोन बदलून परत लावायचा आणि फट एम-सीलनं भरायची. एम-सील सारखं मळलं की अर्ध्या-पाऊण तासात कडक व्हायला लागतं, तेवढ्यात पाण्यात बुडवलेल्या टूथपिकनं कापडाच्या चुण्या ओढून घ्या. पट्टे आणि रायफलचा स्लिंग पातळ कागदाचा, बकल औषधाच्या पाकिटाच्या फॉइलचं. प्रत्येक सैनिकाच्या एका पायात आणि पोटात बारीक भोक पाडून तार घाला, तिनंच तो जमिनीत बसणार आहे.

प्राइमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, स्प्रेनं २०-२५ सेंटिमीटरवरनं, पातळ दोन हात. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या पावसात स्प्रे मारू नका, दमट हवेत पांढुरका थर येतो, उघडीप बघून मारा.

रंगाबद्दल एक गोष्ट मला जोर देऊन सांगायचीय. कंपनीचा फ्लेश नावाचा गुलाबी रंग ह्या सैनिकांना लावायचा नाही. लोक गणवेशावर महिना घालवतात आणि चेहरा गोऱ्या शिपायाचा ठेवून देतात. तपकिरीत थोडा तांबडा आणि पिवळा ऑकर मिसळून मूळ रंग करा, डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, हनुवटीखाली त्याच्यात गडद तपकिरी मिसळून सावली, आणि कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड इथं ऑकर वाढवून उजाळा. उजाळ्यात पांढरा घालू नका, चेहरा राख फासल्यासारखा होतो. तिघांचा वर्ण थोडा थोडा वेगळा ठेवा, आपल्या कुठल्या गावात सगळे एकाच रंगाचे असतात? डोळा ह्या मापात एक मिलिमीटरपेक्षाही लहान, पांढरं-काळं करत बसलात तर दचकलेला दिसतो, नुसती एक गडद आडवी रेघ द्या.

बॅटलड्रेसची खाकी तपकिरीकडं झुकलेली, हिरवी नाही. वेबिंगचे पट्टे त्याहून फिके, हिरवट छटेचे. त्यावर गडद तपकिरी ऑइल कलर थेंबभर घेऊन टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चुण्यांमध्ये सोडा, आधी वॉर्निशचा हात मारलेला असू द्या. रायफलचं लोखंड काळपट रंगवून त्यावर ६बी पेन्सिलीची पूड बोटानं चोळा, पोलादाची झाक येते, चंदेरी रंगाची गरज नाही. महागडे हॉबी कलर सैनिकांसाठीच ठेवा, जमिनीला कॅम्लिनच्या ट्यूब चालतात. सगळं झालं की मॅट वॉर्निश, चकाकणारा सैनिक म्हणजे ओला सैनिक.

रक्त अगदी जपून. जखमी हाताला आणि बाहीला गडद तपकिरी-लाल, सुकत चाललेलं, बस. हे खरंच घडलेलं आहे आणि त्या कापल्या गेलेल्या तुकडीतल्या माणसांची घरं आहेत, सांडलेलं दाखवून काही वाढत नाही.

जमिनीत रोवणं

सैनिकांना त्यांच्या खळग्यांत तारेनं बसवा आणि कडेची फट त्याच लेपानं भरा. मग ज्या मातीच्या रंगानं जमीन केली त्याच रंगाची पूड बुटांवर, गुडघ्यांवर, कोपरांवर, पोटाच्या खालच्या भागावर. खाली दाट, वर विरळ. पालथा सरपटत आलेला माणूस छातीपर्यंत मळलेला पाहिजे, रायफल घेऊन बसलेला फक्त गुडघ्यापर्यंत, म्हणजे कोण कुठून आलाय ते कपडेच सांगतात. माथ्यावर सरपटल्याची घसट पण दाखवा, गवत त्या दिशेला झोपलेलं.

पाण्याचा प्रसंग पुढं करणार असाल तर एवढंच सांगतो, गढूळ नदीला जाड रेझिन लागत नाही, तळ गढूळ रंगात रंगवून वर ग्लॉस वॉर्निशचे अनेक हात दिले तरी भागतं. रेझिन ओतायचंच तर हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, ३-४ मिलिमीटरचे थर द्या आणि मधे पुरतं सुकू द्या, एकदम ओतलं तर तापतं.

शेवटचं बघणं आणि जपणूक

संपलं वाटलं की बाहेर उजेडात नेऊन मोबाइल सैनिकाच्या डोळ्याच्या उंचीला धरा आणि फोटो काढा. वरून बघताना न दिसलेलं सगळं त्यात दिसतं, हवेत तरंगणारी टाच, फेविकॉलची चमक, राहिलेली साच्याची रेघ. चमक असेल तिथं मॅट वॉर्निश, टाच तरंगत असेल तिथं लेपाचा ठिपका.

मग काचेची किंवा ॲक्रिलिकची पेटी. पेटी आधी नाही तर डायोरामा पूर्ण सुकल्यावर बसवायची, कारण आतली ओल बंद झाली की महिन्याभरात काचेवर दव आणि गवतावर बुरशी. आत कोपऱ्यात न दिसेल असं सिलिका जेलचं पाकीट ठेवा आणि पावसाळ्याच्या तोंडाला बदला. थेट ऊन नको, टीव्हीच्या वरची फळी नको, तिथं हात पोचतात, आणि घरात लहान पोरं असतील तर तिघांपैकी एक सैनिक खेळायला जाणारच, म्हणून सेटमधले उरलेले दोन-चार रंगवून त्यांना वेगळे देऊन टाका.

पेटीवर छोटी पट्टी लावा: सेनिओ नदी, इटली, ९ एप्रिल १९४५, शिपाई नामदेव जाधव, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, पहिली बटालियन, १/३५.